अर्धं म्हटलं तरी फुलच : एका वऱ्हाडी विनोदी ताईचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव. चाळिशीतली एक बाई. नवरा काळी-पिवळी चालवतो, घरी थोडी कोरडवाहू जमीन, मुलगी नववीत. ती स्वतः बचत गटांची सीआरपी आहे, म्हणजे गट बांधायचे, बैठका घ्यायच्या, वह्या लिहिल्यात का ते बघायचं आणि थकलेला हप्ता मागायला दारात जायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. ही बाई स्वतःवर विनोद करून तालुक्यात नावारूपाला आली आणि त्याच विनोदातल्या एका ओळीने तिची एक बैठक मोडली. त्यानंतर तिने आपला कार्यक्रम कसा बदलला, काय ठेवलं, काय टाकलं, हे या प्रकरणात मांडते आहे. नाव आणि गाव छापायचं नाही, ही तिची अट होती. त्यामुळे इथे ती नुसती ताई. मी त्याच तालुक्यात शिकवते आणि महिला मेळाव्यांचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडतं, म्हणून यातलं बरंचसं मला मंचाच्या कडेला उभं राहून बघायला मिळालं.

आयटम कसा उभा राहिला

सुरुवात संक्रांतीच्या हळदीकुंकवात झाली. आमच्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाच्या तरी घरी वाण असतं, आणि वाण घ्यायचं तर उखाणा घ्यावाच लागतो. ताईची पाळी आली तेव्हा तिने उखाणा सोडून सरळ गोष्टच सांगायला घेतली :

"मले पाहाले पावने आले, तवा लाइन गेल्ली होती. बाबानं कंदील आनून मायासमोर ठेवला. कंदिलाले वाटलं, आपलीच काच काजयली!"

बाया लोळून हसल्या. ताई सावळीपेक्षा गडद रंगाची आहे, अंगाने भरलेली आहे, आणि हे तिला लहानपणापासून ऐकवलं गेलेलं आहे. असा विनोद का केला, असं मी नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाया मनात म्हनतच होत्या. त्याइच्या आधी म्या म्हनून टाकलं." या उत्तरात पुष्कळ काही आहे. पहिला घाव आपणच घातला की निदान जागा आणि वेळ तरी आपली असते.

पुढे ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या बचत गटांच्या संघाच्या, सभेत तिला दहा मिनिटं मिळाली. तोवर एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागू झालं होतं. १७ मार्च २०२३ पासूनची ही सवलत, आणि त्या उन्हाळ्यात गावातल्या प्रत्येक बाईच्या तोंडी तोच विषय होता. ताईने तो उचलला :

"सरकारनं बायायले अर्धं तिकीट केलं. मी हाफ मांगतली, त कंडक्टर वरपासून खालपरेंत पाहून म्हनते, ताई, तुमचं अर्धं म्हनलं तरी फुलच होते!"

आणि तिसरा, जो सगळ्यात जास्त गाजला :

"कापूस घेऊन जिनिंगात गेली. गाडीवरून उतरून जराशी टेकली, त हमाल आकडा घेऊन मायाकडं आला. म्हने, ही गठान कोनाची राहून गेली?"

रुईची गठाण १७० किलोची असते; ताई तिच्या निम्मीही नाही. पण कापसाच्या मुलखात गठाण न पाहिलेला माणूस नाही, त्यामुळे हे चित्र डोळ्यासमोर उभं करायला एक शब्द पुरतो. विनोद म्हणून तिन्ही पक्के आहेत, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं सगळं ऐकून कुणाला वाटेल की ताईला विनोद करता येत नव्हता म्हणून तो अंगलट आला. तसं नाही. विनोद चांगला होता म्हणूनच तो पाठ झाला.

एका पोराने सभेतला तुकडा मोबाईलवर घेतला, रील झाली, आणि आजूबाजूच्या गावांतून मंडळांचे फोन यायला लागले. गणपती, नवरात्रातल्या दुर्गादेवी-शारदादेवी, मग पुन्हा संक्रांत. साडी, नारळ आणि पाकीट.

घरून परवानगी कशी मिळाली, हा प्रश्न वाचकाला पडला असेल. विदर्भातल्या खेड्यात सून रात्री नऊ वाजता दुसऱ्या गावच्या मंचावर उभी राहते, तेही पुरुषांपुढे, ही साधी गोष्ट नाही. सासूबाईंचं म्हणणं मी स्वतः ऐकलं आहे : "कोनाचं वाकडं बोलत नाही नं. सोतालेच हासते. मंग जाऊ द्या." म्हणजे स्वतःला हसणं हे तिचं परवानापत्र होतं. हीच बाई सासूवर, सरपंचावर, सचिवावर बोलली असती तर पहिल्या रात्रीच मंच बंद झाला असता. स्वतःवरचा विनोद बाईला कमी करतो, असं जे सरसकट म्हटलं जातं, ते तिला सांगून बघा. तिला त्याने उंबरठ्याबाहेर काढलं.

थोडं आजूबाजूचं

बायांनी बायांसाठी हसण्याची परंपरा आपल्याकडे कमी नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यात सासर, नणंद, सासरा, सगळे सोलून निघतात. एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण तर भवानी आईला रोडग्याचं आमिष दाखवून सासरची माणसं एकेक करून वाटेला लावते. माझ्या ऐकण्यात या गाण्यांतली बाई स्वतःच्या रंगा-अंगाला क्वचितच हसते. हसते ती घराला. स्वतःच्या शरीराची थट्टा मात्र ती माइक हातात आल्यावर, समोर पुरुष बसल्यावर करायला लागते. हा माझा अंदाज आहे, पण त्याला मंचावर जागा कुणाला मिळाली याचा आधार आहे. तमाशाच्या गवळणीतली मावशी पुरुष, आमच्या विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यातली नाचीसुद्धा पुरुष. पूर्व विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या आसपास रात्र-रात्र चालते. तिथले विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, आणि आम्हां विदर्भातल्यांना त्याचा आनंदच झाला. तिथे नाटकात बाया आहेत, पण पोस्टरवर मोठ्या अक्षरात हसवणारा म्हणून झळकतो तो बहुधा पुरुषच. टीव्हीवर अजूनही बाईचा विनोद करायचा झाला की पुरुषाला साडी नेसवतात. तेव्हा खरी बाई उभी राहिली की प्रेक्षकाला तिच्याकडून काय हवं हे ठरलेलं नसतं. जे हमखास चालतं ते ती देऊन टाकते.

बोलीचाही एक पदर यात आहे. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे टीव्हीवर वऱ्हाडी बोलले तेव्हा पुण्या-मुंबईला ती गोड वाटली. यवतमाळच्या शंकर बडे यांनी त्याच्या कितीतरी आधी या बोलीला कवितेच्या मंचावर बसवलं होतं. पण "मले-तुले" ऐकूनच हसू फुटणारे प्रेक्षक आहेत, आणि आम्ही ते वापरूनही घेतो. त्यामुळे ताईच्या रीलखालचं हसू कुठे तिच्या अंगाला होतं, कुठे विनोदाला आणि कुठे नुसत्या बोलीला, हे सुटं करता येत नाही.

एका नवरात्रात तिच्याच मंचावर, तिच्याआधी, एक पुरुष हास्यकवी होता. त्याने पाऊण तास स्वतःची फजिती सांगितली. मी बायकोले भेतो, बायकोनं बेलनं फेकलं, मी खाटेखाली झोपलो. वरवर पाहिलं तर हाही स्वतःवरचाच विनोद. पण समोर बसलेल्या एकाही माणसाला हा गृहस्थ बायकोला भितो असं वाटत नव्हतं. वाटत नव्हतं म्हणूनच ते हसत होते. आणि विनोद संपल्यावर फजिती कुणाची उरली? जी घरी बसून होती, बेलनं फेकणारी म्हणून, तिची. ताईचं उलटं. ती "मी गठान" म्हणते तेव्हा प्रेक्षकांना ते खरंच वाटतं. तिने नवं काही सांगितलेलं नसतं, फक्त मान्य केलेलं असतं.

मानसशास्त्रवाल्यांनी हे वेगळ्या वाटेने तपासलं आहे. रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या. त्यांत स्वतःला सावरणारा विनोद वेगळा आणि लोकांना खूश ठेवण्यासाठी स्वतःला तुडवणारा वेगळा. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की ज्याचा दर्जा आधीच वरचा आहे त्याने स्वतःवर विनोद केला तर तो माणूस जोडीदार म्हणून अधिक आकर्षक वाटतो. खालच्या दर्जाच्या माणसाला तो फायदा तसा मिळत नाही. आणि २०१९ चा आणखी एक अभ्यास : दुकानाच्या व्यवस्थापकाचं एकच सादरीकरण, एकदा पुरुष नटाने केलेलं आणि एकदा स्त्री नटीने, विनोदासह आणि विनोदाशिवाय. विनोदाने पुरुषाचा दर्जा वाढला, बाईचा घसरला. अमेरिकेतलं दुकान आणि यवतमाळातला मंडप यांत अंतर आहे, हे कबूल. पण ताईच्या बैठकीत पुढे जे झालं ते बघता मला ते अंतर फार लांब वाटलं नाही.

ती बैठक

गटाला बँकेचं कर्ज मिळालेलं असतं तेव्हा एका बाईचा हप्ता थकला तरी अख्ख्या गटाचं पुढचं कर्ज अडतं. म्हणून गटांच्या पंचसूत्रीत, म्हणजे पाच नियमांत, नियमित परतफेड एवढी ठासून सांगितलेली असते. एका गटात एका सदस्येचे काही हप्ते राहिले होते. कापूस अजून घरातच पडून होता, भाव वाढेल म्हणून ठेवलेला. तिचंही अगदीच चूक नव्हतं. ताईने मध्यम मार्ग काढला, "निदान अर्धा हप्ता तरी आज भर." आणि ती बाई, जराही वेळ न लावता :

"ताई, तुमचं अर्धं म्हनलं तरी फुलच होते!"

सगळ्या हसल्या. ताईसुद्धा हसली, कारण दुसरं करणार काय? टाळ्या देत बाया उठल्या, कुणाची गाय बांधायची होती, कुणाची पोरं शाळेतून यायची होती, बैठक संपली. हप्ता तसाच राहिला.

मी हा प्रसंग ऐकला तेव्हा माझ्या तोंडून आधी दाद गेली. ओळ अचूक बसली होती, अगदी प्रसंगाला कापून शिवल्यासारखी. त्या बाईचा हेतूही वाईट नव्हता; अडचणीत सापडलेल्या माणसाला सुटायला एक दार सापडलं एवढंच. पण ते दार ताईनेच करून ठेवलं होतं. ओळ तयार, चाल तयार, हसायचं कुठे तेही सगळ्यांना पाठ. म्हणणाऱ्या बाईला विनोद करता येण्याची गरजच नव्हती. आणि ताईला रागावताही येईना, कारण रागावली असती तर उत्तर ठरलेलं : तूच तर म्हणत होतीस.

त्यानंतर ताई आजूबाजूला बघायला लागली आणि तिला बरंच दिसलं. मुलगी एसटीने शाळेत जाते. तिला पोरं "लहान गठान" म्हणतात, हे ती कितीतरी दिवस घरी बोललीच नव्हती. जिनिंगातला विनोद सुरू झाला की मंडपातल्या माना मागे वळतात आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या कुठल्यातरी जाड बाईकडे बघतात, हेही तिच्या ध्यानात आलं. ती बाई हसत असते, पदराने तोंड झाकून. ताई म्हणाली, "मी मायाच आंगावर हासून रायली असं मले वाटे. पन मायासारख्या आंगाच्या साऱ्याच बाया हायेत नं तिथं."

रंगाचं त्याहून नाजूक. आमच्या गावात रंगावर बोलणारा माणूस कधी नुसता रंगावर बोलत नसतो. कुठला रंग कुठल्या वस्तीतला, हे त्याच्या मनात आधीच लिहिलेलं असतं. आडनाव उच्चारायची लाज वाटते म्हणून तोंडातून रंग येतो. ताईला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. जातीवरचा विनोद तिने कधीच केला नाही. पण कंदिलाच्या विनोदाला मागच्या बाकावरून जी एक शेरेबाजी आली, ती तिने मला सांगितली आणि इथे लिहू नका म्हणाली.

टाकायचं काय

तिचा पहिला विचार कार्यक्रमच बंद करण्याचा होता. जगात असे निर्णय झालेले आहेत. ऑस्ट्रेलियाची विनोदकार हॅना गॅड्सबी हिचा २०१८ साली जगभर पाहिला गेलेला कार्यक्रम याच मुद्द्यावर उभा होता. जी माणसं आधीच कडेला ढकललेली आहेत त्यांनी स्वतःला आणखी खाली पाडणं ही नम्रता नसते, अपमान असतो, म्हणून आपण तसा विनोद थांबवतो आहोत, असं तिने मंचावरूनच सांगितलं. मी हे ताईला सांगितलं. ती म्हणाली, "तिले दुसरा मंच भेटला असन. मले ह्याच्यापायी त घराबाहेर जाता येते."

अमेरिकेच्या फिलिस डिलरचीही गोष्ट सांगितली. १९५५ साली, पाच मुलांची आई असताना, ती क्लबमध्ये उभी राहिली आणि आयुष्यभर आपण किती कुरूप आहोत यावर लोकांना हसवत राहिली. गंमत अशी की तिची अंगकाठी चांगली होती. ती दिसू नये म्हणून ती मुद्दाम पोत्यासारखे घोळदार झगे घालायची. म्हणजे कुरूप बाई हा तिचा वेश होता, रात्री खोलीवर गेल्यावर उतरवता येणारा. ताई ऐकत होती. म्हणाली, "मायं त सारं आंगावरच हाय." आणि मग आपल्याकडची टुणटुण आठवली. उमा देवी खत्री. १९४०च्या दशकात ती गायिका होती, नावाजलेली. १९५० पासून पडद्यावर जाडी विनोदी बाई झाली, आणि तिचं पडद्यावरचं नाव पुढे भारतभरच्या शाळांमध्ये जाड पोरींना चिडवायला वापरलं गेलं. नाव तिच्यापासून सुटलं आणि फिरत राहिलं. गठाणीचं तेच होत होतं, तालुक्यापुरतं.

ताई, ग्रामसंघाची हिशेब लिहिणारी एक तरुण मुलगी आणि मी, असं आम्ही तिघी बसून एकेक विनोद तपासायला लागलो. कसोटी त्या मुलीने सुचवली, आणि मला ती आजही बिनतोड वाटते : ताई तिथे नसताना हा विनोद दुसऱ्या बाईवर फेकता येतो का? गठाण फेकता येते. अर्धं तिकीट फेकता येतं. कंदील फेकता येतो. कारण तिन्हीत ताई काहीच करत नाही, ती नुसती आहे. करणारे सगळे दुसरेच, कंडक्टर, हमाल, कंदील. बाई त्यात सामान म्हणून पडून आहे. याउलट ताईने काहीतरी केलं, तिची काहीतरी फसगत झाली, तिने चलाखी केली आणि ती उघडी पडली, असा विनोद असेल तर तो सांगायला ताईच लागते. तो उचलून दुसऱ्याच्या अंगावर घालायला गेलं तर मापाचा बसत नाही.

हे कळणं एक आणि हसू येईल असं करणं दुसरं. पहिले काही प्रयत्न अगदीच सपक झाले, भाषणासारखे. मग ताईने पाहुण्यांचीच गोष्ट उलट्या बाजूने सांगायला घेतली, आणि ती काय सांगते हे ऐकताना आम्ही दोघी लिहायचं विसरलो :

"पावने आले. त्याइची माय मले वरपासून खालपरेंत मोजून रायली. मी दाराआडून पोराले मोजून रायली. पन मले कोन इचारते, पसंत हाय का म्हनून? म्या भजे केले. एका भज्यात भिवापुरी मिरची सबूत भरली, अन् थे भजं बराबर त्याच्या ताटात ठेवलं. म्हनलं, पाहू. त्यानं खाल्लं. तोंडातून शबुद नाही. डोयातून पानी. त्याची माय म्हने, पाहा व, पोराले पोरगी पाहून भरून आलं! थो म्हने, हो माय, पसंत हाय... पानी द्या!"

इथेही ती स्वतःवरच हसते आहे. भोचक, मापात न राहणारी, नवऱ्याची परीक्षा घेणारी पोरगी म्हणून. पण कंदिलाच्या गोष्टीत तिला बघितलं जात होतं; इथे ती बघते. शिवाय बिचारा नवरा यात खलनायक नाही, उलट आवडून जातो, हे मला विशेष वाटलं. बेलन्याच्या विनोदातली बायको कुणाला आवडत नाही.

अर्ध्या तिकिटाचा विषय सोडायला ती तयार नव्हती, आणि का सोडावा? तो तिने असा फिरवला :

"अर्धं तिकीट झालं तवापासून आमच्या घरचे म्हनतात, जा, माहेरी जाऊन ये, सस्त पडते. मी गेली. चवथ्या दिवशी फोन. कवा येतं? म्हनलं, येनं बी अर्ध्यातच हाय, पन मन आजून फुल भरलं नाही!"

"फुल" हा शब्द तिने ठेवला, फक्त त्याची जागा बदलली. जुनी ओळ पाठ असलेले लोक ती येणार म्हणून थांबतात आणि त्यांना दुसरीच मिळते.

तिसरा विनोद तिच्या कामावरचा. "साऱ्या गावाले सांगते, हिशोब लिहा. मायी घरची वही काढली. पयला खर्च, वही, वीस रुपये. दुसरा खर्च, पेन. तिसऱ्या पानापासून वही कोरी!" यावर हिशेब लिहिणाऱ्या मुलीची शंका रास्त होती. हाही उद्या बैठकीत परत येईल की, तुमचीच वही कोरी म्हणून. ताईचं उत्तर तयार होतं : "येऊ दे. म्हनीन, मायी कोरी हाय म्हनूनच तुयी पाहून रायली, काढ." मला यात फरक दिसतो. "फुलच होते" या ओळीला ताईकडे उत्तर नव्हतं, कारण अंगाला उत्तर नसतं. वहीला आहे.

मंडळ काय म्हणालं

पहिल्या मंडपात नवा कार्यक्रम मार खाऊन गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. मागच्या बाकांवरून "गठान, गठान" अशी फर्माईश झाली आणि ती न आल्यावर पोरं पानठेल्याकडे निघून गेली. हसू कमी आलं. पण जे आलं ते पुढच्या सतरंजीवरून आलं, आणि मिरचीच्या गोष्टीला ते शेवटी येण्याऐवजी मध्येच, "मी दाराआडून पोराले मोजून रायली" या वाक्याला आलं. त्या वाक्यात तर विनोद असा काही नाही. मागे बसलेल्या पुरुषांना बाया कशाला हसल्या तेच कळलं नाही. ताईने हे नीट लक्षात ठेवलं. पुढच्या कार्यक्रमात ती त्या वाक्यानंतर थांबली, नुसती मान वाकडी करून उभी राहिली, आणि ते हसू दुप्पट झालं.

मंडळांच्या हिशेबात मात्र नुकसान झालं. बोलावणी घटली. एका मंडळाच्या कोषाध्यक्षाने स्पष्टच विचारलं, जुना आयटम करणार असाल तर पाकीट वाढवू. ताई म्हणाली, "जुना पाहाचा असन त मोबाईलवर हाय, फुकट हाय. मले बोलावसान त नवा." त्याने बोलावलं नाही. आणखी एकाने बोलावलं. रील अजून फिरते आहे, आणि ती काढून टाकणं ताईच्या हातात नाही. ज्या पोराने टाकली तो आता पुण्याला कंपनीत आहे आणि त्याच्यानंतर ती कितीतरी जणांनी उचलली. आमच्या सगळ्या कसोट्या या एका गोष्टीपुढे लंगड्या पडतात. चार भिंतींत बायांपुढे केलेला विनोद तिथेच मुरतो. फोनमध्ये गेलेला विनोद मुरत नाही, आणि समोर कोण बसलंय हे बघून त्याला आवरतंही घेता येत नाही.

थकलेल्या हप्त्याचं सांगायचं राहिलं. कापूस विकला गेला तेव्हा त्या बाईने भरला, सगळाच. विनोदाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, भावाचा होता.

ताईचा आणि माझा एक वाद मिटलेला नाही. गठाण तिने कायमची टाकली. कंदील मात्र ती टाकत नाही. फोन बाहेर ठेवून, फक्त बायांच्या हळदीकुंकवात, ओळखीच्या घरी ती तो अजून करते. माझं म्हणणं, कसोटीला तोही उतरत नाही, आणि रंगाचा तर मुळीच नको. तिचं म्हणणं, "थ्या खोलीत साऱ्याच मायासारख्या. तिथं एकजन म्हनते अन् साऱ्या म्हनतात, मायाबी टायमाले लाइनच गेल्ली होती!" मी त्या खोलीत बसलेली आहे, आणि बाया खरंच तसं म्हणतात, एकीमागून एक, आपापल्या बघण्याच्या गोष्टी काढतात. तरी मला तो विनोद नको वाटतो. तिला हवा आहे. येत्या संक्रांतीला ती तो करणार आहे, आणि मला बोलावणं आलेलं आहे.